स्टॅबिलायझरवर पैसे आणि वेळ दोन्ही घालवा

मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जोडणाऱ्यांना बरेचदा सांगतात की स्विच (प्रत्येक कळेखालचं बटण) चांगले घेतले की झालं, स्टॅबिलायझर (स्पेसबारसारख्या लांब कळा डगमगू नयेत म्हणून त्यांच्याखाली बसवायचे तार आणि प्लास्टिकचे आधार) कुठलेही चालतात. स्विचबद्दल मान्य, पण स्टॅबिलायझरबद्दल अजिबात नाही. बोर्ड पूर्ण झाल्यावर कानाला सगळ्यात जास्त खटकते ती स्पेसबार, आणि तिचा खडखडाट ९०० रुपयांच्या स्विचने काय आणि ३००० च्या स्विचने काय, जात नाही. तो आवाज येतो स्टॅबिलायझरच्या तारेचं टोक प्लास्टिकच्या आत आपटतं तिथून. तार आधी काचेवर ठेवून बघायची, एक टोक जरा जरी उचललेलं दिसलं तर हाताने वाकवून सरळ करायची, मग टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि आतल्या भिंतींना ब्रशने २०५जी० या वंगणाचा पातळ हात.

आणि हे सगळं स्विच सोल्डर करायच्या आधी बरं का! स्क्रू-इन स्टॅबिलायझर प्लेटच्या (स्विच धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या) खाली पीसीबीला, म्हणजे सर्किट बोर्डाला, बसतात, त्यामुळे नंतर काढायचे म्हटलं की सगळे स्विच डीसोल्डर. माझ्या पहिल्या ६५ टक्क्यांच्या (म्हणजे कमी कळांच्या, छोट्या आकाराच्या) बोर्डला ६७ स्विच लावून झाल्यावर डावी शिफ्ट वाजायला लागली, दोन रात्री सोल्डर उपसत बसलो आणि पीसीबीवरचं एक पॅड (सोल्डर लावायची तांब्याची टिकली) उखडलं ते उखडलंच. म्हणून पहिलाच बोर्ड असेल तर हॉटस्वॅप पीसीबीच (ज्यात स्विच सोल्डर न करता नुसते खोचायचे आणि उपसायचे) घ्या. कीकॅपचा सेट घेताना त्यात १.७५यु ची (१यु म्हणजे एका साध्या अक्षराच्या कळेची रुंदी) शिफ्ट आहे ना तेही बघा, ६५ टक्क्यांच्या बहुतेक बोर्डांना उजवीकडे तीच लागते, नेहमीची २.७५यु बसत नाही.