नवरा जवळच येत नाही, विचारलं की चिडतो

ऐरोलीकरीण: नवरा ४१चा, बरेच महिने ताठरता टिकत नाहीये, आता तर लॅपटॉप घेऊन हॉलमध्येच झोपतो. मीच आवडेनाशी झाले का?

ठाणेकर: ताई, तुमचा काही संबंध नाही ओ. एकदा फसलं की पुढच्या वेळी डोक्यात तेच, टेन्शनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नसा आवळतात, परत फसतं, मग माणूस जवळ यायचंच टाळतो. सकाळी आपोआप ताठरता येत असेल तर बहुतेक मनाचंच.

घोडबंदरवाली: तरी शुगर, बीपी तपासाच, कधीकधी ताठरता न टिकणं ही हृदयविकाराची आधीची खूण असते. आणि मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) नको, नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर बीपी धाडकन पडतं. (तंबूवाले वैद्य तर नकोच!)

ऐरोलीकरीण: शुगर आहेच त्याला... बोलते, पण बेडरूममध्ये नाही, पाम बीच रोडला गाडीत असताना.