मदत हवी आहे: एएमएल, डीडीएक्स४१ आणि भाऊ दाता

वडील ६४ वर्षांचे, एएमएल (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग). अस्थिमज्जेच्या जनुकीय तपासणीत डीडीएक्स४१ या जनुकात दोन बदल आले: एक त्या जनुकाच्या सुमारे ४८ टक्के प्रतींत, दुसरा (आर५२५एच नावाचा) ९ टक्के प्रतींत. पहिला जन्मजात आणि दुसरा नंतर झालेला असावा, असं डॉक्टरांचं मत. जन्मजात आहे हे पक्कं करायला रक्तपेशी नसलेला नमुना लागतो. लाळेत रक्तपेशी मिसळतात म्हणून ती चाचणी टाळली; त्वचेचा तुकडा दिलाय, पण पेशी वाढवून रिपोर्ट यायला आठवडे लागतात. पहिल्या केमोनंतर रेमिशन आहे (तपासणीत सध्या आजार दिसत नाही).

डीडीएक्स४१ मध्ये जन्मजात बदल असलेले रुग्ण केमोला बऱ्यापैकी प्रतिसाद देतात, असं वाचलंय. पण ते आकडे दात्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्यांचे की न झालेल्यांचे, हे कळत नाही, आणि आमचा निर्णय नेमका त्यावरच अडलाय.

काकांचं (वडिलांच्या भावाचं) एचएलए, म्हणजे दाता निवडताना जुळवतात तो पेशींचा प्रकार, पूर्ण जुळतं. मात्र पहिला बदल जन्मजात असेल, तर तो त्यांच्यातही असण्याची शक्यता निम्मी, आणि तसा दाता घेतल्यावर दात्याच्याच पेशींतून ल्युकेमिया झाल्याची उदाहरणं आहेत. त्यांचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे, पण त्यावर विसंबता येत नाही. या बदलामुळे होणारा आजार बहुधा उतारवयातच डोकं वर काढतो. बाहेरच्या दात्याचा शोध सुरू केलाय.

औषधं सुचवू नका, प्लीज. त्वचेचा रिपोर्ट यायच्या आधीच काकांची फक्त या एका बदलासाठी चाचणी कुणी करून घेतली आहे का? आणि पहिल्या रेमिशनमध्ये प्रत्यारोपण करायचं की थांबायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी कशावरून ठरवलं?