परजीवी संपले, तरी फुप्फुस का बिघडतं?

स्लाइडवाला:
फाल्सिपॅरम मलेरियात (गंभीर प्रकार) आर्टेसुनेट हे मलेरियाचं इंजेक्शन सुरू होऊन दोन दिवस झालेले असतात, स्मिअरमधले (काचेवरच्या रक्ताच्या थेंबातले) परजीवी जवळपास गेलेले असतात, तापही उतरलेला. आणि नेमका तेव्हाच पेशंटला दम लागतो, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९२ टक्क्यांच्या खाली, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. बाधित लाल पेशी केशवाहिन्यांत अडकतात हे ठाऊक आहे. पण त्या पेशीच उरल्या नसतील तर नुकसान कोण करतंय?

केशवाहिनी:
अडकणं ही नुसती सुरुवात. लाल पेशीवरचं पीएफईएमपी-१ हे प्रथिन वाहिनीच्या अस्तरावरच्या सीडी-३६ आणि आयकॅम-१ या रेणूंना चिकटतं. अस्तर चिडतं, स्वतःच आणखी आयकॅम-१ बाहेर काढतं आणि मोनोसाइट, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे ओढल्या जातात. औषधाने परजीवी मरतो, पण त्याचं हिमोझोइन (हिमोग्लोबिन पचवून उरलेलं काळपट रंगद्रव्य) मागे राहतं. शवविच्छेदनातला फुप्फुसाचा काप पाहा: वायुकोशांच्या भिंतीत फुगलेले मोनोसाइट, त्यांच्या पोटात तपकिरी-काळे कण, आणि कोशाच्या आतून गुलाबी पापुद्रा. तो पापुद्रा म्हणजे गळलेली प्रथिनं आणि मेलेल्या पेशींचा चिखल. न्यूट्रोफिल इलास्टेज हे प्रथिनं तोडणारं विकर ओततात, डीएनएची जाळी फेकतात. नेम परजीवीवर, घाव अस्तरावर. व्हायवॅक्समध्ये (मलेरियाचा दुसरा प्रकार) अडकणं बरंच कमी, तरी एआरडीएस (फुप्फुसांत पाणी भरून श्वास अपुरा पडणं) होतो, त्यामागेही हेच असावं.

उंदीरमामा:
टी पेशी राहिल्या की राव! सी५७ब्लॅक/६ या प्रयोगशाळेतल्या उंदरांना प्लास्मोडियम बर्गाय या उंदरांच्या मलेरिया-परजीवीची एनके-६५ जात टोचली की फुप्फुसं पाण्याने भरतात. सीडी-८ टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून टाकल्या तर ही सूज टळते. इंटरफेरॉन-गॅमा या दाहाच्या संदेश-प्रथिनाच्या प्रभावाखाली अस्तराच्या पेशी परजीवीचे तुकडे एमएचसी-१ या पृष्ठभागावरच्या प्रथिनावर मांडतात, मग सीडी-८ त्यांनाच बाधित समजून परफोरिन-ग्रॅन्झाइम ही पेशी मारणारी प्रथिनं सोडतात. मात्र माणसाच्या कापात मोनोसाइट जास्त ठळक दिसतात, त्यामुळे उंदराचं चित्र जसंच्या तसं उचलू नका.

स्लाइडवाला:
मग डेक्सामेथासोन (दाह दाबणारं स्टिरॉइड) द्यायचं का? त्या उंदरांत चालतं म्हणे.

वॉर्ड नंबर सात:
नको. थायलंडमध्ये सेरेब्रल (मेंदूच्या) मलेरियात देऊन पाहिलं, १९८२ साली निकाल आले: बेशुद्धी लांबली, गुंतागुंती वाढल्या. गंभीर मलेरियात डब्ल्यूएचओही स्टिरॉइड देऊ नका म्हणतं.

खरी चूक सलाइनमध्ये होते. लघवी कमी दिसली की बाटली लावली जाते, आणि गळक्या वाहिन्यांतून ते पाणी सरळ वायुकोशात. आर्टेसुनेट थांबवू नका: २.४ मिग्रॅ प्रति किलो, ०, १२ आणि २४ तासांनी, पुढे रोज एकदा (२० किलोखालच्या मुलांना ३ मिग्रॅ). तोंडाने घेता आलं की एसीटीचा (आर्टेमिसिनिनसोबत दुसरं औषध असलेल्या गोळ्यांचा) पूर्ण तीन दिवसांचा कोर्स. व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ६ मिली प्रति किलो, प्लॅटो (श्वास भरल्यावर थांबवून मोजलेला दाब) ३० सेंमी पाण्याच्या आत. टायडल व्हॉल्यूमचे हे किलो उंचीवरून काढायचे, काट्यावरचे नाहीत. इथे हमखास चुकतं.

आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात थुंकीत रक्त दिसलं, तर मलेरिया पॉझिटिव्ह असला तरी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, यातही फुप्फुसात रक्तस्राव होतो) तपासणी पाठवा.