मदत हवी आहे: तरुणांचा मोबाईल-वापर आणि मेंदूतल्या गाठी, नवी मुंबईत अभ्यास कसा आखावा?

सानपाडा_एमपीएच:
नमस्कार मंडळी. एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) प्रबंधाचा आराखडा पुढच्या महिन्यात नैतिकता समितीपुढे ठेवायचा आहे. त्याआधी जाणकारांनी एकदा नजरेखालून घालावा ही विनंती.

प्रश्न असा: १० ते २४ वयोगटात मोबाईल, कॉर्डलेस फोन आणि ब्लूटूथ इयरफोन वापरल्याने मेंदूतल्या गाठीचा धोका वाढतो का? हातात १८ महिने आहेत. नवी मुंबईतल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयातून ४० रुग्ण आणि वाशी-नेरूळच्या महाविद्यालयांतून ८० निरोगी मुलं (कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट) घ्यायची. प्रश्नावलीत "मोबाईल वापरता का? रोज किती तास?" असं विचारून ऑड्स रेशो काढायचा (रुग्णांत आणि कंट्रोलमध्ये वापराचं प्रमाण किती पट वेगळं, याचं गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही).

तीन ठिकाणी अडलंय. ४० रुग्ण पुरतील का? कंट्रोल कॉलेजातून घेतलेले चालतील का? आणि हँडसेटचा एसएआर आकडा (शरीराच्या दर किलोमागे किती ऊर्जा शोषली जाते) हेच किरणोत्सर्गाचं माप धरता येईल का?

कोष्टक:
४० पुरणार नाहीत, आणि किती कमी पडतील ते आधी आकड्यांत बघा. दीडपट धोका पकडायचा, ८०% पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता), ५% चूक (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), कंट्रोलपैकी निम्मे "जास्त वापर" गटात, असं धरलं तर दोन्हीकडे प्रत्येकी सुमारे ३९० माणसं लागतात. दुप्पट धोका शोधायचा म्हटलं तरी प्रत्येकी १३७. तुमच्या ४० विरुद्ध ८० मध्ये तिपटीहून मोठा परिणाम असला तरच तो उठून दिसेल. इतका मोठा परिणाम आजवरच्या मोठ्या अभ्यासांच्या एकूण निष्कर्षांत दिसलेला नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. "मोबाईल वापरता का" या प्रश्नाला ऐरोली ते पनवेल कुणीही "नाही" म्हणणार नाही. कंट्रोलपैकी ९०% लोक "हो" म्हणाले की त्याच दीडपटीसाठी संख्या ३९० वरून जवळपास १,२६० वर जाते, कारण तुलनेला माणसंच उरत नाहीत. म्हणजे वापर हो-नाही न विचारता पायऱ्यांत मोजावा लागणार: एकूण कॉल, एकूण तास, सुरू केल्याचं वय.

याच वयोगटाचा मोबी-किड्स अभ्यास १४ देशांनी मिळून केला, भारत त्यात होता. २०१० ते २०१५ अशी पाच वर्षं माणसं गोळा केली तेव्हा ८९९ रुग्ण आणि १,९१० कंट्रोल हाती आले. २०२१ च्या अखेरीस निष्कर्ष आले: वापर वाढला म्हणून धोका वाढल्याचं दिसलं नाही. त्याआधी सेफालो होता, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडचा, वय ७ ते १९. त्यात ३५२ रुग्ण, ६४६ कंट्रोल, नियमित वापरासाठी ऑड्स रेशो १.३६, पण विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांत असतो) ०.९२ ते २.०२, म्हणजे १ आतच. चार देश मिळूनही मर्यादा एवढी रुंद राहिली. ४० रुग्णांत ती कुठवर ताणली जाईल याचा अंदाज त्यावरून करा.

कोपरी_पूल:
कंट्रोलचं मी सांगतो. हा आराखडा इथेच सगळ्यात जास्त गळतो.

कंट्रोल निवडताना एकच कसोटी: या मुलाला उद्या गाठ झाली असती तर तो तुमच्याच रुग्णालयात, तुमच्याच यादीत आला असता का? नवी मुंबईतल्या कर्करोग रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ईशान्येकडून रुग्ण येतात. गोपालगंजच्या गावातून आलेल्या मुलाची तुलना नेरूळच्या इंजिनिअरिंगच्या मुलाशी केली, तर हाती लागेल तो शहर-खेडं आणि पैसा-टंचाई यांतला फरक. फोन किती लवकर हातात आला हेही त्याच गोष्टींवर ठरतं.

मोबी-किड्सने कंट्रोल म्हणून अपेंडिसायटिसचे रुग्ण घेतले होते. या वयात तो आजार सर्रास होतो, सगळ्या थरांत होतो, अचानक उठतो आणि फोनशी त्याचं काही नातं नाही. शिवाय मुलगा खाटेवर असतो, घरचे जवळ असतात, मुलाखतीला सहसा नकार येत नाही. नकार ही किरकोळ बाब समजू नका. प्रौढांच्या इंटरफोन अभ्यासात ग्लायोमाचे (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) ६४% रुग्ण सामील झाले, कंट्रोलपैकी ५३%. फोन न वापरणारे कंट्रोल जास्त गळाले आणि नियमित वापराचा ऑड्स रेशो ०.८१ आला, म्हणजे फोन जणू गाठीपासून वाचवतो! तो आकडा खरा मानणारं कुणी नाही. पण कंट्रोल चुकले की काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

तुम्हाला जमण्याजोगं म्हणजे रुग्ण फक्त ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतले रहिवासी ठेवणं. मग कंट्रोल त्याच भागातल्या शस्त्रक्रिया विभागांतून घेता येतील. मात्र तेव्हा ४० चे ६-७ उरतील.

सानपाडा_एमपीएच:
म्हणजे केस-कंट्रोल (रुग्ण आणि निरोगी यांची तुलना) सोडूनच द्यावं लागेल. उलट बाजूने गेलो तर? ठाणे-नवी मुंबईतली २,००० मुलं आज नोंदवायची आणि पाच वर्षं पाठपुरावा करायचा. हे काम पुढे विभागाने चालवायचं.

कोष्टक:
२,००० मुलं गुणिले ५ वर्षं म्हणजे १०,००० व्यक्ती-वर्षं. वर्षाला लाखात ३ गाठी धरल्या तर अपेक्षित रुग्ण ०.३. पाच वर्षं राबून बहुधा एकही नाही. युरोपातल्या कॉसमॉस या पाठपुराव्याच्या अभ्यासाने अडीच लाखांवर प्रौढ घेतले ते याच हिशेबामुळे.

माझं स्पष्ट मत: गाठ हा शब्दच प्रबंधाच्या उद्दिष्टातून काढा आणि वापर नीट मोजता येतो का एवढंच तपासा. मुलांना आपला फोन-वापर किती अचूक आठवतो, हा या सगळ्या संशोधनाचा कच्चा दुवा आहे. इंटरफोनच्या पडताळणीत लोकांनी कॉलची संख्या कमी सांगितली आणि बोलण्याचा वेळ जास्त. आपल्याकडच्या मुलांचं काय, जिथे दोन सिम, आईचा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल एकाच घरात फिरतात, हे मोजायला ३०० मुलं आणि चार आठवडे पुरतात. १८ महिन्यांत होतं, आणि उद्या कुणी मोठा अभ्यास काढला तर त्याला हा दुरुस्तीचा आकडा लागणारच.

क्रम असा ठेवा. पहिल्या भेटीत फक्त संमती आणि "चार आठवडे कॉल-नोंदी पुसू नका" एवढी सूचना. चार आठवड्यांनी आधी प्रश्नावली, आणि ती हातातून काढून घेतल्यावरच फोनमधल्या नोंदी उघडायच्या. उलट केलंत तर मुलं स्क्रीन बघून उत्तर देतात आणि अचूकता खोटीच छान दिसते. त्याच चार आठवड्यांबद्दल सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, कारण रुग्णाला काही वर्षांपूर्वीचं विचारलं जातं, कालचं नाही. विश्लेषणात सांगितलेला वेळ भागिले नोंदलेला वेळ, त्याचा लॉग आणि भूमितीय मध्य (जिओमेट्रिक मीन). नुसता सहसंबंध देऊ नका. सगळ्यांनी दुप्पट सांगितलं तरी सहसंबंध १ येतो.

तरंगलांबी:
एसएआरबद्दल. *#०७# दाबल्यावर दिसणारा आकडा हा फोन पूर्ण ताकदीने पाठवत असतानाचा, प्रयोगशाळेत मोजलेला असतो. भारतात मर्यादा १.६ वॅट प्रति किलो, १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून, १ सप्टेंबर २०१२ पासून. फोन रोजच्या वापरात पूर्ण ताकद क्वचित लावतो. टॉवर जवळ असला की ताकद उतरवतो, लांब गेला की चढवतो. त्यामुळे १.२ चा फोन पामबीच रोडवर उघड्यावर ०.६ च्या फोनपेक्षा कमी देत असेल, आणि ०.६ वाला ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात, चारी बाजूंनी पत्रा असताना, जास्त. मॉडेलवरून मुलांचे गट पाडलेत तर गट चुकीचे पडतील.

पिढीचा फरक त्याहून मोठा. जीएसएम ९०० चा फोन शिखराला २ वॅट पाठवायचा, पाठवण्याच्या आठ पाळ्यांपैकी (टाइम-स्लॉट) एकच वापरत असल्याने सरासरी पाव वॅट. थ्रीजीमध्ये ताकदीचं नियंत्रण इतकं बारीक आहे की प्रत्यक्ष सरासरी कित्येक पटींनी खाली येते. फोरजी फोनची कमाल सुमारे ०.२ वॅट. क्लास २ ब्लूटूथ २.५ मिलिवॅट. म्हणून "इयरफोन वापरता का" ही नोंद वाढीच्या खात्यात टाकू नका. फोन कानापासून दूर गेला, म्हणजे ती घटच आहे.

आणि कुठल्या कानाला, हे विचाराच. कानाला लावलेल्या फोनची मेंदूत शिरणारी ऊर्जा ९७ ते ९९% त्याच बाजूच्या अर्धगोलात आणि त्यातही निम्म्याहून जास्त टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) जाते. हातात धरून रील बघताना डोक्याला त्यातलं फारच थोडं पोचतं. तुमच्या "रोज किती तास" मध्ये रील, गेम आणि बोलणं एकाच पिशवीत पडलंय.

सानपाडा_एमपीएच:
पटलं. उद्दिष्ट बदलतो. ९वी ते पदवीपर्यंतची ३०० मुलं, वाशी, घणसोली, कळवा या भागांतून. नोंदी काढण्यासाठी अ‍ॅप करून घ्यावं का?

दिवा_नोंदवही:
अ‍ॅपच्या नादी लागू नका. प्ले स्टोअर कॉल-नोंदी वाचायची परवानगी मोजक्याच प्रकारच्या अ‍ॅप्सना देतं आणि आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपला ती मिळतच नाही. अर्धी मुलं एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या, असं झालं की पद्धतीचा फरक मुलांचा फरक म्हणून दिसतो. त्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच हाताचा तक्ता: तारीख, साधा कॉल की व्हॉट्सअ‍ॅप, मिनिटं-सेकंद. मिस्ड कॉल वगळा. नाव आणि नंबर तक्त्यात येऊच देऊ नका. मुलाने स्वतः वाचायचं, तुम्ही लिहायचं. समितीही त्यावर लवकर राजी होते.

चुका कुठे होतात ते सांगते. आयफोनच्या रीसेंट्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉलही येतात. तिथून एकदा आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून एकदा लिहिलात तर तोच कॉल दोनदा. जुन्या नोंदी काही फोनमध्ये आपोआप गळतात, म्हणून जास्त बोलणाऱ्या मुलांकडे दर आठवड्याला जा, नाहीतर त्यांचाच वापर कमी दिसेल. फोन बदलला, दुरुस्तीला गेला, तर ती तारीख टिपा. घरातला सामायिक फोन असेल तर "हा कॉल कोण बोललं" ते त्याच बैठकीत विचारा. गणपती, दिवाळी, बारावीची परीक्षा यांत चार आठवडे पडू देऊ नका.

प्रश्नाची भाषा बदला. "रोज किती तास फोनवर असता" ऐवजी असं: "गेल्या चार आठवड्यांत, एखाद्या साध्या दिवशी, फोन कानाला लावून किती वेळा बोललात? एका खेपेला साधारण किती मिनिटं?" मग स्पीकर, वायरचा इयरफोन, ब्लूटूथ यांसाठी वेगळ्या ओळी. कान विचारताना "उजवा की डावा" विचारून थांबू नका, "फोन या टेबलावर वाजतोय, उचलून दाखवा" म्हणा आणि हात बघा. तोंडी "उजवा" म्हणणारी मुलं वही लिहिताना फोन डाव्या कानाला लावतात. प्रश्नावलीच्या मथळ्यात गाठ, कॅन्सर, किरण यांतलं काही नको, "तरुणांचा फोन-वापर" पुरे.

संमतीचं: १८ खालच्यांसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची सहमतीही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १२ ते १८ वयाला लेखी. दोन्ही कागद मराठीत, आणि घणसोली-कळव्यासाठी हिंदीतही तयार ठेवा.

सानपाडा_एमपीएच:
मथळ्यातून काढलं तरी पालक विचारतीलच, "मग मोबाईलने कॅन्सर होतो का हो?" काय सांगावं?

कोपरी_पूल:
प्रश्नावली भरून होईपर्यंत "शेवटच्या भेटीत सगळं सांगतो" म्हणा, आणि खरंच सांगा, कारण पालकांची काळजी खरी आहे. एका पानाचं पत्रक करा. त्यात लिहा की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मे २०११ मध्ये या लहरी "कदाचित कर्करोगकारक" म्हणजे २बी गटात टाकल्या. त्यामागे मोठा आधार इंटरफोनचा होता: १,६४० तासांहून जास्त बोललेल्या प्रौढांत ग्लायोमाचा ऑड्स रेशो १.४०. आणि त्यानंतर मुलांवरचा मोबी-किड्स आणि प्रौढांवरचा कॉसमॉस या दोन्हींत वाढ दिसलेली नाही. मुलांची कवटी पातळ असल्याने त्यांच्या मेंदूत ऊर्जा प्रौढांच्या साधारण दुप्पट शिरते, हेही लिहा, लपवू नका. खाली करण्याजोगं एवढंच: लांब बोलायचं तर इयरफोन किंवा स्पीकर, सिग्नलची एकच काडी असताना कॉल आटोपता घ्या.

पत्रकाचा मसुदा इथे टाका, समितीला देण्याआधी बघून देतो. सतत डोकेदुखी, सकाळच्या उलट्या किंवा फिट येत असलेलं मूल बैठकीत सापडलं तर त्याला त्याच दिवशी कुठे पाठवायचं, तेही आराखड्यात आधीच लिहा. समिती हा प्रश्न विचारतेच.