राज्यशास्त्राच्या प्रवेशाची वाट पाहताना: बडोदेकरांचे अनुभव

काल रात्री पावणेदोनला आई पाणी प्यायला उठली, तर मी हॉलमध्ये फोन हातात धरून बसलेली. "अजून काही नाही?" एवढंच विचारून ती माझ्या शेजारी बसली. म्हणून हा धागा काढतेय.

मी दांडिया बाजारात वाढले, एमए महाराजा सयाजीराव विद्यापीठातून केलं आणि डिसेंबरात अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज टाकले. ज्यांना हे वेळापत्रक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. निकाल फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तुकड्या-तुकड्याने येतात. विद्यावेतनासह जागा मिळाली तर होकार कळवायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि तिकडे पाचला बंद होतं तेव्हा आपले पहाटेचे साडेतीन. निकाल येण्याची सगळी वेळ ही आपली झोपायची वेळ. आतापर्यंत दोन नकार आलेत, चार बाकी आहेत.

तुम्ही हे दिवस कसे काढलेत ते लिहा. परदेशच हवं असं नाही. दिल्ली, हैदराबाद, आपलं इथलं विद्यापीठ, सगळं चालेल. घरच्यांनीही लिहा. संस्थांची नावं नाही दिली तरी हरकत नाही.

फतेहगंजचा, सध्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला

पहिल्या वर्षी नऊ अर्ज, नऊ नकार. एकेका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे नऊ अर्जांचे पाऊण लाख रुपये. बाबांचं स्टेशनरीचं दुकान आहे, त्यांनी ते पैसे एकदाही बोलून दाखवले नाहीत. त्यामुळेच जास्त लागलं. शेवटचा नकार मार्चात आला तेव्हा मी त्यांना दोन दिवस सांगितलंच नाही. रोज जेवताना ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे.

आत आल्यावर जे कळलं ते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे पीएचडी म्हटलं की आधी गाइड शोधायचा, त्याने हो म्हटलं की निम्मं काम झालं. तिकडे राज्यशास्त्रात बहुतेक ठिकाणी प्राध्यापकांची समिती सगळे अर्ज एकत्र वाचते. मोठ्या विभागांत फी माफ असते आणि साधारण पाच वर्षांचं विद्यावेतनही विभागच देतो, त्यामुळे एक विद्यार्थी घेणं म्हणजे पाच वर्षांचा खर्च अंगावर घेणं. त्या वर्षी पैसा किती, तुलनात्मक राजकारणाला किती जागा, आंतरराष्ट्रीय संबंधांना किती, तुमच्या विषयाचे सर पुढच्या वर्षी रजेवर जाणार का, या गोष्टी अर्जदाराला कधीच दिसत नाहीत. मी मात्र प्रत्येक नकाराला माझ्या इंग्रजीत कारण शोधत बसलो होतो.

चूक माझ्या अर्जातही होती. पहिल्या वर्षीचं उद्देशपत्र "लहानपणापासून मला राजकारणाची आवड" असं सुरू होत होतं. दुसऱ्या वर्षी ते काढलं आणि थेट प्रश्न मांडला: महापालिकेत राखीव जागा दर निवडणुकीला फिरतात, तर पुढच्या वेळी हाच वॉर्ड आपल्याला लढवता येईल याची खात्री नसलेला नगरसेवक वॉर्डातली कामं कमी करतो का? हा प्रश्न मला आमच्या सोसायटीच्या गटारामुळे पडला होता. चार वर्षं ते गटार बुजवायला कुणी आलं नाही. त्या एका पानामुळे जागा मिळाली असं म्हणणार नाही, पण मुलाखतीत अर्धा तास त्याच प्रश्नावर बोलणं झालं.

दुसऱ्या वर्षीच्या प्रतीक्षेत मेलची सूचना बंद करून टाकली. सकाळी सहाला उठून एकदाच बघायचो. रात्री आलेला नकार सकाळी वाचला तरी तोच असतो, फक्त झोप झालेली असते. उरलेल्या वेळात आर ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र शिकलो. एमएला आपण प्लेटोपासून रॉल्सपर्यंत सगळं वाचतो, पण आकडेवारी हाताळत नाही, आणि तिकडे पहिल्याच सत्रात तीच समोर येते. सात अर्ज, एक होकार. ताई, चार बाकी आहेत ना, म्हणजे अजून खूप बाकी आहे.

रावपुऱ्यातली एक आई

मी कधी असं लिहिलेलं नाही, पण घरच्यांनीही लिहा म्हटलंत म्हणून लिहिते.

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी ह्या सगळ्यातून गेला. तो रोज एक पान उघडायचा आणि त्यावर दोन शब्द असायचे, 'अंडर रिव्ह्यू', म्हणजे अर्ज अजून विचारात आहे एवढंच. मला वाटायचं, अर्जात काही चूक सापडली म्हणून तपासणी चाललीय. मी मनातल्या मनात घाबरत होते आणि त्याला विचारत नव्हते, तो मला काळजी नको म्हणून सांगत नव्हता. एकाच स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांपासून भीती लपवत होती.

नातेवाईक विचारायचे, राज्यशास्त्र म्हणजे कलेक्टर होणार का? सुरुवातीला तो समजावून सांगायचा, की नाही काकू, संशोधन, मग प्राध्यापक. मग नुसतं "हो" म्हणायला लागला. ते "हो" ऐकलं की मला फार वाईट वाटायचं. उत्तरायणला सगळे गच्चीवर होते, उंधियू होता, जिलेबी होती, आणि हा खाली खोलीत दार लावून. मी वर गेले नाही. खाली जिन्यात बसून राहिले.

मग एक दिवस मीच म्हटलं, बाळा, मला सगळ्या तारखा सांग, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्याने सांगितल्या. कुठल्या विद्यापीठाचा निकाल गेल्या वर्षी कोणत्या आठवड्यात आला होता, तेही त्याला पाठ होतं. त्या दिवसापासून मला कळायचं की आज रात्री तो जागा राहणार आहे. मग मी बारा वाजता दूध गरम करून त्याच्या टेबलावर ठेवायचे, काही न बोलता.

महाशिवरात्रीला शिवजींची सवारी सूरसागरला निघते, त्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर आला. गर्दीत फोन खिशात होता. घरी येऊन बघितलं तर एक नकार येऊन पडला होता. तो म्हणाला, "आई, बरं झालं आरती बघून झाल्यावर बघितलं." पुढे मार्चात त्याला जागा मिळाली. पण मला अजून तीच संध्याकाळ जास्त आठवते.

मांजलपूरचा, नेटवाला

माझी वाट देशातलीच होती. २०२४ पासून इथल्या पीएचडी प्रवेशासाठी नेटचे, म्हणजे यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण धरायला लागले आणि मी तीच तयारी केली होती. परीक्षा १८ जून २०२४ ला दिली. पेपर चांगला गेला होता. त्या आनंदात मित्रांबरोबर सेव-उसळ खाल्ली, घरी येऊन निवांत झोपलो. १९ ला रात्री बातमी, परीक्षा रद्द.

मला तेव्हा राग आला नाही, मी बधिर झालो. परत तेच पुस्तक उघडायचं, तीच टिपणं वाचायची. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत परीक्षा पुन्हा झाली, निकाल ऑक्टोबरात आला. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी शिष्यवृत्ती, हुकली; फक्त पीएचडीसाठीच्या गटात नाव लागलं. या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे निकाल हातात आल्यावर पुन्हा नवी वाट, कोणतं विद्यापीठ केव्हा जागा जाहीर करतंय ती. एका ठिकाणी मुलाखत झाली आणि चार महिने यादीच लागली नाही. फोन केला की "वेबसाइट बघत राहा". मी बघत राहिलो.

शेवटी दुसऱ्या ठिकाणी लागलो. विषय माझाच आहे, गाइड चांगल्या आहेत. जेआरएफचे महिन्याला ३७ हजार मिळाले असते तर घरी शिकवण्या घ्याव्या लागल्या नसत्या, पण काम सुरू आहे.

वाघोडिया रोड, एमए पहिलं वर्ष

माझं छोटंसं आहे. सीयूईटी-पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांत एमएला जायची प्रवेश परीक्षा, दिली होती, दिल्लीचं स्वप्न होतं. तीन याद्या लागल्या, तिन्हींत नाव नाही. पप्पा म्हणाले, इथला अर्ज भरून ठेव, म्हणून भरला होता. आता आपल्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली शिकतेय आणि हंसा मेहता लायब्ररीत दुपारभर बसते. एकदा मॅडमनी वर्गात सांगितलं, मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात "सर्व पुरुष" अशा अर्थाचे शब्द येणार होते, ते हंसाबेन मेहतांच्या आग्रहामुळे "सर्व मानव" झाले. आणि त्याच आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मी ज्या लायब्ररीत नाराज होऊन बसायचे ती त्यांच्याच नावाची. त्या दिवसानंतर दिल्लीचं एवढं वाटत नाही.

सयाजीगंजहून, ज्याला जागा मिळाली पण पैसे नाहीत

इथे सगळे जागेच्या निकालाबद्दल लिहितायत. माझी जागा मार्चातच आली होती, इंग्लंडला राज्यशास्त्राच्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी. खरी वाट त्यानंतर सुरू झाली. तिथे मास्टर्सला अमेरिकन पीएचडीसारखं विद्यावेतन आपोआप येत नाही. प्रवेश एकीकडे, पैसा दुसरीकडे.

चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, माझा एकच झालेला. महाराष्ट्राची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना मिळते. आम्ही चार पिढ्या बडोद्यात आहोत, घरात मराठी बोलतो, पण कागदावर गुजरातचे. राहिली केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, मुख्यतः अनुसूचित जातींसाठीची. देशभरात जागा १२५. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळं घेऊन मी तलाठी ऑफिसच्या किती फेऱ्या मारल्या ते मोजलंच नाही.

त्या दिवसांत मी वरचेवर कमाटीबागेत जाऊन बसायचो, बाबासाहेब आंबेडकरांची आठवण जपणाऱ्या संकल्पभूमीपाशी. ४ जून १९१३ ला सयाजीराव महाराजांच्या सरकारशी बाबासाहेबांचा करार झाला: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षं नोकरी. त्याच जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. जूनमध्ये करार, जुलैत कोलंबिया विद्यापीठात. मला ह्या वेगाचं फार आश्चर्य वाटायचं. पण पुढचंही आठवायचं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते ह्याच शहरात नोकरीला आले, आणि इथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर ते ह्याच बागेत बसले होते. शिष्यवृत्तीची तारीख म्हणजे काय असतं ते मला तिथे बसून समजलं.

माझी निवड त्या वर्षी झाली नाही. विद्यापीठाला पत्र लिहून जागा एक वर्ष पुढे ढकलून घेतली. हे करता येतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय: नकार देऊन टाकण्याआधी एकदा विचारा. पुढच्या वर्षी नाव लागलं.

निवृत्त प्राध्यापिका, प्रतापगंज

मुलांनो, मी तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूची. तीस वर्षांत शिफारसपत्रं पुष्कळ लिहिली. एका अर्जाला तीन पत्रं लागतात आणि सहा अर्ज म्हणजे प्रत्येक शिक्षकाला सहा वेळा तोच फॉर्म. त्यात विचारतात, हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या पाच टक्क्यांत, दहा की पंचवीस? तिथे मी प्रत्येक वेळी थांबते. खोटं लिहायचं नाही आणि मुलाचं नुकसानही करायचं नाही. निवृत्तीनंतर कॉलेजचा ईमेल बंद झाला, काही ठिकाणी संस्थेचाच ईमेल मागतात, तेव्हा फार पंचाईत झाली. म्हणून निदान तीन आठवडे आधी सांगत जा.

आणि एक मागणं आहे. पत्र गेलं की तुम्ही आम्हाला विसरता. होकार आला की पेढे घेऊन येता, नकार आला की येतच नाही. मी वाट बघत असते. मार्च उलटला आणि एखाद्या मुलीचा फोन नाही आला की मला कळतं, पण मी फोन करू शकत नाही, तिला अवघडल्यासारखं होईल. नकार घेऊनही या. चहा ठेवीन आणि पुढच्या वर्षीचं पत्र त्याच दिवशी लिहायला घेईन.

धागाकर्ती, १४ एप्रिल, रात्री

सगळं दोन-दोनदा वाचलं. मॅडम, मी माझ्या सरांकडे रविवारी गेले होते, नकार घेऊन.

चारपैकी तीन नकार आले. एका ठिकाणी प्रतीक्षायादीत आहे. फतेहगंजच्या दादाने मला वेगळं कळवलं तसं विभागाला चार ओळींचं पत्र लिहिलं, की जागा निघाली तर मी नक्की येईन, आणि मधल्या काळात पूर्ण झालेला लेख जोडला. ज्यांच्याकडे दोन-तीन जागा आहेत ते उद्यापर्यंत एक ठेवून बाकीच्या सोडतील, त्यातली एखादी खाली सरकेल. आज जयंती म्हणून संध्याकाळी संकल्पभूमीवर जाऊन आले. आई बरोबर होती.

तिकडे आता उन्हाळ्याची वेळ लागली आहे, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरची १५ तारीख संपते तेव्हा आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे साडेनऊ. आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १६ च्या चौकोनात तेवढंच लिहून ठेवलंय: साडेनऊ.

रावपुऱ्यातली एक आई

साडेनऊनंतर इथे लिही गं. काहीही असलं तरी लिही.