पारदर्शक पृष्ठभागावर निसर्गचित्र रंगवताना दूरचे डोंगर काळे का पडतात?

डोंगररेघ (प्रश्न):
काढून टाकलेल्या खिडक्यांच्या काचांवर मी ॲक्रिलिक रंगांनी निसर्गचित्रे रंगवतो आणि ती मागून उजेड येईल अशी टांगतो. दूरच्या डोंगरांसाठी निळ्यात पांढरा मिसळला की टेबलावर ते हवे तसे धूसर दिसतात, पण खिडकीत टांगताच तेच डोंगर जवळच्या झाडांपेक्षा गडद होतात. याला उपाय काय? शिवाय काच जड असल्याने, पर्यावरणाचा विचार करता, मक्यापासून तयार होणारे पारदर्शक पीएलए प्लास्टिक वापरणे अधिक योग्य ठरेल का?

पातळथर:
हा सगळा पांढऱ्याचा प्रताप आहे. टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगद्रव्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे २.७, तर त्याला धरून ठेवणाऱ्या ॲक्रिलिक माध्यमाचा सुमारे १.५ असतो. या तफावतीमुळे प्रकाश विखुरतो आणि त्यातला बराचसा आला त्याच बाजूला परत जातो. म्हणून समोरच्या उजेडात जो रंग उजळतो, तोच मागचा उजेड अडवतो. काचेवर पांढरा म्हणजे न रंगवलेली जागा, हे एकदा मान्य केले की निम्मे प्रश्न सुटतात. थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन, पारदर्शक आयर्न ऑक्साइड असे उजेड आरपार जाऊ देणारे रंग ग्लेझिंग मीडियमने (रंग पातळ, पारदर्शक करणाऱ्या माध्यमाने) पातळ करावेत. नुसते पाणी वाढवल्यास रंग काचेवर पसरण्याऐवजी थेंबाथेंबांनी गोळा होतो. ओल्या थरावर स्पंज हलकेच टेकवत गेल्यास डोंगराची वरची कड विरत जाते आणि ब्रशचे ओरखडेही राहत नाहीत. धुक्यासाठी तर रंगच नको: काचेचा तेवढा भाग पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासावा, म्हणजे उजेड पुढे येतो, पण विखरून येतो.

इंग्रज चित्रकार थॉमस गेन्सबरो यांनी १७८० च्या दशकात काचेवर तैलरंगांत निसर्गचित्रे रंगवली होती आणि पेटीत बसवून, मागे मेणबत्त्या लावून ती पाहिली जात. ती पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

उरलीसुरली:
पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे उन्हात तापणाऱ्या चौकटीत ते वाकण्याची भीती असते. त्याचे खत होण्यासाठी औद्योगिक प्रकल्पातले तापमान लागते आणि वर ॲक्रिलिक रंगाचा थर चढला की पर्यावरणपूरक असल्याचा दावाही फारसा उरत नाही. वजनच अडचणीचे असेल, तर ॲक्रिलिक शीटचे (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे) वाया जाणारे तुकडे घ्यावेत. ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असतात, मात्र अल्कोहोल किंवा ॲसिटोन लागल्यास त्यांवर बारीक तडे जातात. माझे मत विचाराल तर जुनी काचच सर्वांत टिकाऊ: चित्र नको झाले तर रंग भिजवून पात्याने खरवडावा आणि तीच काच पुन्हा वापरावी.

डोंगररेघ:
आभारी आहे. डोंगरांची प्रत्येक रांग वेगळ्या काचेवर रंगवून काचा एकामागे एक ठेवल्या तर चालेल का?

पातळथर:
चालेल, पण साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणजे तीन काचांत, रंग लावण्यापूर्वीच, पाचव्या हिश्श्याहून अधिक उजेड कमी होतो. दोन काचांवर भागवावे आणि आकाश दोन्हींवर कोरे सोडावे.