गाडीच्या एसीतील गॅसगळती शोधण्यासाठी यूव्ही डाय घालावा का?

चिपळूणकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या गाडीचा एसी दर उन्हाळ्याच्या तोंडावर गार हवा देईनासा होतो. गॅस भरून घेतला की काही महिने उत्तम चालतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच गत होते. गॅस आर-१३४ए आहे आणि बॉनेटखालच्या पट्टीवर ५०० ग्रॅम असे लिहिलेले आहे. मागच्या खेपेस गॅरेजमध्ये व्हॅक्यूम मारून (पाइपांतली हवा ओढून घेऊन) अर्धा तास दाबाचा काटा पाहिला गेला. तो जागचा हलला नाही, म्हणून "लीकेज नाही" असे सांगून नवा गॅस भरून देण्यात आला. आता दुसऱ्या एका मेकॅनिकने यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून पाहण्याचे सुचवले आहे. या डायमुळे कॉम्प्रेसरला अपाय होतो का? तो घातल्यावर किती दिवसांनी गळती दिसते? आणि गळती डॅशबोर्डच्या आतील कूलिंग कॉइलमध्ये असेल, तर तिथवर प्रकाश पोहोचणार कसा? डॅशबोर्ड उतरवण्याचा खर्च मोठा असल्यामुळे तो निर्णय अंदाजावर घेण्याची माझी तयारी नाही.

सांगलीचा एसी मेकॅनिक

आधी व्हॅक्यूमबद्दल लिहितो, कारण याच एका चाचणीवर विसंबून असंख्य गाड्या दरवर्षी गॅस भरून परत पाठवल्या जातात. पूर्ण व्हॅक्यूम मारला, तरी बाहेरच्या हवेचा दाब जेमतेम १४.७ पीएसआय (दाबाचे एकक) असतो, आणि तोही उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरून आत. याउलट ३० अंश तापमानाला बंद उभ्या असलेल्या गाडीतही आर-१३४एचा दाब ९५ पीएसआयच्या आसपास असतो आणि एसी चालू असताना कंडेन्सरच्या (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) बाजूला तो २०० पीएसआयच्या वर सहज जातो. त्यामुळे व्हॅक्यूमने मोठे भोक कळते, बारीक गळती कळतेच असे नाही. आपल्या गाडीचा निम्मा गॅस वर्षभरात जात असेल, तर ती वर्षाला २५० ग्रॅमची गळती झाली. इतकी गळती शोधता यायलाच हवी. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते, म्हणजे आपली एक गाडी वर्षाला ३५० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम हवेत सोडते आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरत राहणे मला त्यामुळेच मान्य नाही.

डाय गॅसमध्ये नव्हे, तर कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळतो. तेल गॅसबरोबर सगळ्या पाइपांतून फिरत असते आणि जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा अंशही बाहेर येतो. गॅस उडून जातो, तेल आणि डाय तिथेच राहतात, आणि यूव्ही टॉर्चच्या प्रकाशात पिवळा चष्मा लावून पाहिले की तो डाग पिवळसर हिरवा चमकतो. संध्याकाळी शटर ओढून, अंधारात पाहिल्यास उत्तम. मी सुरुवात सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी काढून आतल्या पिनपासून करतो. मग अॅल्युमिनियमचा पाइप आणि रबरी होज जिथे दाबून जोडलेले असतात ते सांधे, प्रत्येक ओ-रिंगचा (रबरी कड्याचा) जोड, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचे सील, आणि शेवटी कंडेन्सर. त्यातही त्याचे खालचे कोपरे, जिथे चिखल साचतो. आपल्याकडे खारी हवा आणि लांबलेला पावसाळा आहे, तेव्हा माझा पहिला संशय कंडेन्सरवरच राहील. मोठी गळती एसी १५ मिनिटे चालवल्यावरही दिसते. बारीक गळतीसाठी गाडी नेहमीप्रमाणे वापरून एकदोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. मधल्या काळात बॉनेटखाली प्रेशरने पाणी मारून घेऊ नये, कारण शोधायचा डागच त्यात धुऊन जाण्याची शक्यता असते.

एक आग्रहाची विनंती अशी की डाय घालण्यापूर्वी नुसता टॉर्च मारून पाहा. काही गाड्यांत कारखान्यातूनच डाय घातलेला असतो, किंवा आधीच्या कोणीतरी घातलेला असतो.

आयटीआय निदेशक, रेफ्रिजरेशन ट्रेड

कॉम्प्रेसरच्या अपायाबद्दल. योग्य जातीचा डाय योग्य मात्रेत घातल्यास अपाय होत नाही. अपाय होतो तो मात्रा आणि जात न पाहिल्यामुळे. मोटारीच्या एसीत तेल साधारण १०० ते २०० मिलीलिटर इतकेच असते आणि डाय सुमारे ७ मिलीलिटर पुरतो. "जास्त घातला तर जास्त चमकेल" या समजुतीने अख्खी बाटली ओतल्यास तेलाचा पातळपणा बदलतो आणि त्याची वंगणशक्ती कमी होते. दुसरी बाब तेलाच्या जातीची. बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पीएजी जातीचे तेल असते, परंतु विद्युत आणि हायब्रिड गाड्यांचा उच्च व्होल्टेजवर चालणारा कॉम्प्रेसर बहुतांशी पीओई जातीचे तेल मागतो, कारण त्याची मोटर त्याच तेलात असते आणि तेलाने वीज अडवणे आवश्यक असते. अशा गाडीत पीएजीचा थोडासा अंशही इन्सुलेशन बिघडवू शकतो, म्हणून आधी पीएजीच्या गाडीत वापरलेली डायची पिचकारी तिथे लावणेसुद्धा टाळले पाहिजे. हे मी विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो, कारण नव्या गाड्या आता लहान गावांतल्या गॅरेजांतही येऊ लागल्या आहेत. गळती बुजवण्याचा दावा करणारी द्रव्ये मात्र डायसोबत घालू नयेत; ती गॅस काढण्याच्या यंत्रात जाऊन घट्ट होतात.

कूलिंग कॉइलसाठी डॅशबोर्ड उतरवण्याआधी दोन गोष्टी करून पाहता येतात. कॉइलवर जमणारे पाणी ज्या ड्रेन पाइपातून गाडीखाली टपकते, त्याच्या तोंडावर आणि त्यात फिरवलेल्या पांढऱ्या टिश्यूवर टॉर्च मारावा. तेथे हिरवी झाक दिसली तर कॉइलवरचा संशय बळावतो. काही दिसले नाही, तर मात्र कॉइल निर्दोष ठरत नाही. त्यानंतर एसी चालवून गाडी बंद करावी, १० ते १५ मिनिटे थांबावे आणि इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरचे टोक ड्रेनजवळ धरावे. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो. चांगले डिटेक्टर वर्षाला ४ ग्रॅमची गळतीही पकडतात. प्रकाश जिथे पोहोचत नाही तिथे डायचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मडगावहून, घरगुती एसी दुरुस्ती

वरील सल्ला मोटारीसाठी पटतो, पण वाचकांनी तो घरच्या स्प्लिट एसीला जसाच्या तसा लावू नये. तिथे मी आधी कोरड्या नायट्रोजनचा दाब, कंपनीच्या पुस्तिकेतील मर्यादेपर्यंत आणि रेग्युलेटर लावूनच, देतो आणि फ्लेअर नटांवर (पाइपांचे जोड आवळणाऱ्या नटांवर) साबणाचे पाणी लावतो. बऱ्याच गळत्या तिथेच बुडबुड्यांनी उघड होतात. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर लावणे जिवावर बेतू शकते, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. एकदा आत गेलेला डाय तेलातच राहतो आणि काही कंपन्या त्यावरून वॉरंटी नाकारू शकतात, म्हणून तो माझा शेवटचा उपाय आहे.

चिपळूणकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे डाय न घालताच टॉर्च मारून पाहिला. रेडिएटरच्या खालच्या होजजवळ ठळक हिरवी चमक दिसते आहे. हीच गळती समजावी का?

सांगलीचा एसी मेकॅनिक

घाई करू नका. बऱ्याच कूलंटमध्येही चमकणारा रंग असतो आणि रेडिएटर नेमका कंडेन्सरच्या मागेच बसवलेला असतो. रेडिएटरच्या टाकीतला कूलंट ड्रॉपरने पांढऱ्या कागदावर टाकून त्याच टॉर्चखाली पाहा. तो तसाच चमकला, तर होजजवळचा डाग कूलंटचा असण्याचीच शक्यता अधिक. होजची क्लिप तपासून घ्या आणि एसीच्या गळतीचा शोध वेगळा चालू ठेवा.

चिपळूणकर

कूलंटच निघाला, आणि क्लिप सैल होती. त्यानंतर मेकॅनिककडून मोजून डाय घालून घेतला. आज समोरचा बंपर उतरवल्यावर कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, पांढरट गंज चढलेल्या पट्ट्यांच्या मागे, बोटभर रुंदीचा पिवळसर हिरवा डाग दिसला. ड्रेनवरच्या टिश्यूवर काही आढळले नाही आणि डिटेक्टरही तिथे वाजला नाही.

आयटीआय निदेशक, रेफ्रिजरेशन ट्रेड

मग कंडेन्सर बदलावा. त्या पातळ अॅल्युमिनियमवर झाळ देऊन उपयोग नाही. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यायला सांगा. सोबत रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) आणि उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी घाला, आणि जुन्या कंडेन्सरबरोबर जाणारे तेल कंपनीने सांगितलेल्या मात्रेत भरून काढा. व्हॅक्यूमनंतर गॅस काट्याच्या अंदाजाने न भरता वजनावर ५०० ग्रॅम भरून घ्यावा. आसपास सांडलेला डाय क्लीनरने पूर्ण पुसून, महिनाभराने त्याच कोपऱ्यात आणि नव्या जोडांवर पुन्हा टॉर्च मारून पाहा. कॉम्प्रेसरजवळ डाय घातल्याची तारीख लिहिलेले स्टिकरही लावून घ्या, म्हणजे पुढचा मेकॅनिक पुन्हा डाय ओतणार नाही.